शटर खाली आहे, खातं चालू आहे

पूर, आग, दरोडा, इमारतीला तडे, कारण काहीही असो, शाखा एका रात्रीत बंद होते आणि सकाळी लोक पासबुक हातात घेऊन शटरसमोर उभे राहतात. या विषयावर प्रश्न मागवले होते ते भरपूर आले, सारखे होते ते एकत्र केलेत आणि लांबलचक पत्रं कापलीत, राग मानू नका. बँकांची नावंही काढून टाकलीयत, इथे कुणाची उणीदुणी काढायची नाहीयेत, काम कसं होईल ते बघायचंय.

प्रश्न : ताई, आमच्या गावात पुराचं पाणी शिरलं, शाखेत कमरेइतका गाळ. दारावर नुसता "शाखा बंद आहे" असा कागद. त्याच बँकेच्या तालुक्याच्या शाखेत गेलो, पैसे काढायची स्लिप भरून दिली तर म्हणाले ही फक्त तुमच्या शाखेत चालते, इथे चेक लागेल. चेकबुक घरात होतं आणि घरच पाण्यात होतं. माझेच पैसे मला मिळत नाहीत हा कुठला न्याय? (रत्नागिरी जिल्ह्यातून एक वाचक)

उत्तर : न्याय नाहीच, पण काउंटरवरचा माणूस खोटंही बोलला नाही. आधी हे लक्षात घ्या की कोअर बँकिंग आल्यापासून तुमचं खातं शाखेत नसतंच, ते बँकेच्या डेटा सेंटरमध्ये असतं आणि त्याची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली असते, त्यामुळे तुमच्या शाखेतला कॉम्प्युटर गाळात गेला तरी तुमच्या शिलकेतला एक रुपयाही भिजत नाही. पण बँकांनी 'होम ब्रँच' (म्हणजे तुमचं खातं जिथलं आहे ती शाखा) आणि बाकीच्या शाखा असा फरक ठेवलाय. दुसऱ्या शाखेतून रोख काढायची मर्यादा बहुतेक वेळा कमी असते आणि बऱ्याच बँका साधी स्लिप तिथे घेत नाहीत कारण तिथला कॅशियर तुम्हाला चेहऱ्याने ओळखत नाही. तुमची सही मात्र त्याला स्क्रीनवर दिसते. म्हणजे अडचण मशीनची नाहीये, परवानगीची आहे, आणि ती परवानगी वरून येते.

म्हणून काउंटरवर हुज्जत घालत बसू नका, सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये जा आणि विचारा, "आमची शाखा पुरामुळे बंद आहे, आमची खाती कुठल्या शाखेला जोडलीत, आणि स्लिपवर पैसे द्यायची सूट आलीय का?" हा प्रश्न विचारला की मॅनेजरला रिजनल ऑफिसला फोन लावावाच लागतो. असे चार जण गेले की सूट येते, हे मी खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी बघितलंय. सोबत आधार, पॅन, मतदान कार्ड यातलं जे वाचलं असेल ते न्या आणि खात्याला जोडलेला मोबाईल नंबर चालू ठेवा, सिम वाहून गेलं असेल तर सगळ्यात आधी डुप्लिकेट सिम काढा, बाकी सगळं त्याच्या मागे.

रिझर्व्ह बँकेने नैसर्गिक आपत्तीसाठी बँकांना जे निर्देश दिलेत (२०१८ चे एकत्रित निर्देश त्यातले महत्त्वाचे), त्यात आपत्तीत सापडलेली शाखा तात्पुरत्या जागेतून चालवता येते असं स्पष्ट आहे, रिझर्व्ह बँकेच्या प्रादेशिक कार्यालयाला कळवायचं आणि ३० दिवसांच्या पुढे तीच जागा ठेवायची असेल तर खास मंजुरी घ्यायची. फिरती बँक, सॅटेलाईट ऑफिस (शाखेचं छोटं उपकार्यालय) लावता येतं, एटीएम लवकर सुरू करा किंवा रोख मिळायची दुसरी सोय करा असंही त्यात आहे. म्हणजे "आमच्या हातात काही नाही" हे उत्तर पूर्ण खरं नसतं.

तोपर्यंत रोख हवीच असेल तर कार्ड कुठल्याही बँकेच्या एटीएमला चालतं. कार्डही गेलं असेल तर बँक मित्र किंवा ग्राहक सेवा केंद्र शोधा, तिथे आधार आणि बोटाच्या ठशावर एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत काढता येतात, केंद्र दुसऱ्या बँकेचं असलं तरी चालतं, फक्त तुमचं खातं आधारला जोडलेलं पाहिजे आणि नेटवर्क पाहिजे. पुराच्या दिवसात नेटवर्क ये-जा करतं आणि मग एटीएममधून नोटा येत नाहीत पण खात्यातून रक्कम कापली जाते, हे फार होतं. घाबरू नका, स्लिप किंवा मेसेज जपून ठेवा. पाच दिवसात रक्कम आपोआप परत आली पाहिजे, नाही आली तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने न मागता द्यायची असते, हा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे.

प्रश्न : शाखा बंद म्हणजे बँक बुडाली का? आमच्याकडे तशी अफवा उठलीय आणि लोक ठेवी मोडायला निघालेत.

उत्तर : नाही. शाखा बंद पडणं हा जागेचा प्रश्न आहे, बँकेवर निर्बंध येणं हा पैशाचा प्रश्न आहे, दोन्हीत शटर खाली दिसतं म्हणून लोकांची गल्लत होते. २३ सप्टेंबर २०१९ ला पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर निर्बंध आले तेव्हा शाखा धडधाकट उभ्या होत्या पण खातेदाराला सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेचंही तेच, इमारतीला काही झालं नव्हतं. उलट पुरात बुडालेल्या शाखेची बँक ठणठणीत असते. निर्बंध आले असतील तर रिझर्व्ह बँक स्वतः प्रेस रिलीज काढते, ते तिच्या वेबसाईटवर दिसतं, चहाच्या टपरीवर कळत नाही.

आणि बँक खरंच अडचणीत आली तरी ठेव विमा आहे, ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज धरून ५ लाखांपर्यंत, आणि कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यापासून ९० दिवसात ही रक्कम मिळायची सोय आहे. सहकारी बँकांनाही हा विमा लागू आहे. पतसंस्थेला मात्र नाही! ही गोष्ट आपल्याकडे अजून कित्येकांना माहीत नाहीये, बोर्डावर मोठ्या अक्षरात नाव असतं आणि लोक तिला बँकच म्हणतात. पतसंस्थेची शाखा आपत्तीत बंद झाली तर दुसऱ्या शाखेत तुमचं खातं दिसेलच असंही नाही, प्रत्येकीची सिस्टीम वेगळी, त्यामुळे तिथली पावती आणि पासबुक यांचे फोटो मोबाईलमध्ये असू द्या.

प्रश्न : मी बँकेत अधिकारी आहे, नदीकाठच्या एका छोट्या शाखेचा चार्ज नुकताच घेतलाय. आपत्कालीन योजनेची फाईल आहे, पण ती वाचून काही कळत नाही. उद्या खरंच शाखा बंद करायची वेळ आली तर ग्राहकांसाठी पहिल्यांदा नेमकं काय करायचं? (नाव छापू नका)

उत्तर : नाव छापत नाही, पण प्रश्न मोठा छापते, कारण या सगळ्या पत्रांमध्ये हाच एक प्रश्न शटरच्या आतल्या बाजूने आलाय.

पहिलं, ती फाईल आत्ता कुठे आहे ते बघा. बहुतेक शाखांमध्ये ती शाखेच्याच कपाटात असते, म्हणजे शाखा बुडाली की योजना पण बुडाली. तिची एक प्रत रिजनल ऑफिसला, एक जवळच्या शाखेत आणि एक तुमच्या घरी पाहिजे, आणि त्यातले फोन नंबर स्वतः लावून बघा, अर्धे तरी बदली होऊन गेलेल्या माणसांचे निघतील.

माणसं आधी, हे सांगायला नको. त्यानंतर रोख आणि किल्ल्या. स्ट्राँग रूमच्या किल्ल्या दोघांकडे असतात हे तुम्हाला माहीतच आहे, पण पूर आला की एक किल्लीवाला नदीच्या अलीकडे आणि दुसरा पलीकडे अशी वेळ येते, म्हणून पावसाळ्यात ड्युटी लावतानाच ते बघा आणि हवामान खात्याचा इशारा आला की जास्तीची रोख आदल्या दिवशीच चेस्टला (शाखांना रोख पुरवणाऱ्या तिजोरीला) पाठवून द्या. चिपळूणला जुलै २०२१ च्या पुरात एसटी आगारातल्या अधिकाऱ्यांना आगाराची रोख घेऊन बसच्या टपावर बसून राहावं लागलं होतं, ते त्यांच्या निष्ठेचं कौतुकच आहे, पण कुठल्याच कर्मचाऱ्यावर ती वेळ येऊ नये असं मला वाटतं.

आता ग्राहक. दारावरची नोटीस ही तुमची सगळ्यात महत्त्वाची सेवा आहे आणि तीच सगळ्यात वाईट लिहिली जाते. "काही अपरिहार्य कारणास्तव शाखेचे कामकाज पुढील आदेशापर्यंत बंद राहील" हे वाचून शेतकऱ्याने काय करायचं? नोटिशीत एवढं पाहिजे की शाखा का बंद आहे, तुमचं काम अमुक शाखेत चालू आहे, तिथे जायला एसटी कुठून मिळते, तिथे आमचा स्टाफ कुठल्या काउंटरला बसलाय, लॉकर सुरक्षित आहेत की अजून बघायचेत, एटीएम चालू की बंद, बँक मित्र कुठे बसतो आणि कुणाला फोन करायचा. फोन नंबर माणसाचा द्या, "एक दाबा दोन दाबा" वाला नाही. मोठ्या अक्षरात, मराठीत, आणि प्लॅस्टिकमध्ये घालून, नाहीतर पहिल्या पावसात शाई उतरते. हीच नोटीस ग्रामपंचायतीवर, एसटी स्टँडवर, रेशन दुकानात लावा, मेसेजही मराठीतून पाठवा. आणि पहिले काही दिवस शाखेबाहेर एक माणूस खुर्ची टाकून बसवाच, वही पेन देऊन. कोण आलं, काय काम होतं, मोबाईल नंबर काय, एवढं लिहायचं. शिपाई किंवा दफ्तरी असेल तर उत्तम, गाव त्यालाच ओळखतं. लोकांचा राग अर्धा तिथेच उतरतो कारण कुणीतरी ऐकून घेतलेलं असतं, आणि संध्याकाळी ती वही बघितली की उद्या जोड शाखेत (जिथे तुमची खाती तात्पुरती जोडलीत तिथे) किती गर्दी होणार, किती रोख लागणार ते तुम्हाला कळतं.

जोड शाखेत तुमचा स्टाफ वेगळ्या काउंटरला बसवा, त्यांच्यात मिसळू देऊ नका. कारण साधं आहे, तुमच्या कॅशियरला तुमचे खातेदार चेहऱ्याने माहीत आहेत, त्यामुळे कागद वाहून गेलेल्या माणसाची ओळख पटवणं त्याला सोपं जातं. जोड शाखेची रोख ठेवायची मर्यादा वाढवून घ्या, लगेच, मेलवर, फोनवर सांगून भागत नाही. आठवडी बाजार, पगाराचा दिवस आणि महिन्याचा पहिला आठवडा, तेव्हा पेन्शनवाले येतात, हे डोक्यात ठेवून चेस्टकडून रोख मागवा, छोट्या नोटाही मागवा, ५०० च्याच नोटा वाटल्या तर बाजारात सुट्यांची बोंब होते. गर्दी आवरायची असेल तर एप्रिल २०२० ची युक्ती चांगली होती, जनधनच्या महिला खात्यांवर ५०० रुपये आले तेव्हा खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावरून दिवस वाटून दिले होते. पण दवाखाना, मयत, बाळंतपण असं कुणाचं असेल तर त्याला रांग नाही आणि आकडाही नाही, हे काउंटरवर आधीच सांगून ठेवा म्हणजे तिथे वाद होत नाहीत.

नेटवर्कच नसेल तर? इथे नवीन अधिकारी भावनेच्या भरात येतात आणि कच्च्या कागदावर पैसे देऊन टाकतात. करू नका. सिस्टीममध्ये शिल्लक दिसत नसताना रोख द्यायची असेल तर किती रकमेपर्यंत आणि कुणाच्या जबाबदारीवर हे वरून लेखी आलं पाहिजे, व्हाउचरला अनुक्रमांक पाहिजे, पासबुकवर हाताने नोंद पाहिजे आणि लाईन आली की सगळ्यात आधी त्या नोंदी टाकायच्या, नाहीतर तोच माणूस दुपारी एटीएममधून तेच पैसे काढून मोकळा होतो आणि फरक तुमच्या अंगावर.

अजून एक, जे फाईलमध्ये नसतं. शाखेत पडून राहिलेल्या वस्तू. ड्रॉप बॉक्समधले चेक, न वाटलेली एटीएम कार्डं आणि चेकबुकं, ग्राहकांनी सहीला दिलेले फॉर्म. आत जाणं सुरक्षित आहे असं सांगितलं गेल्यावर ड्रॉप बॉक्स दोघांच्या समोर उघडा, यादी करा, ज्यांचे चेक भिजलेत त्यांना त्याच दिवशी फोन करा. कार्डं आणि चेकबुकं लगेच सिस्टीममध्ये ब्लॉक करा, चिखलातून कुणी उचलून नेलीत ते कळणारही नाही. आणि ग्राहक कितीही गयावया करू दे, तडे गेलेल्या इमारतीत त्याला घेऊन जायचं नाही.

प्रश्न : शाखा बुडाली त्यात आमचा लॉकर आहे, खालच्या रांगेतला. आत दागिने आणि जमिनीची कागदपत्रं. बँक म्हणते थांबा, कळवू. नुकसान झालं तर बँक भरून देणार का?

उत्तर : पुराने झालं असेल तर बहुधा नाही, कटू आहे पण आधीच सांगते. रिझर्व्ह बँकेचे लॉकरचे नियम १ जानेवारी २०२२ पासून बदलले, त्यात आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यात बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत आहे. म्हणजे भाडं ३,००० असेल तर जास्तीत जास्त ३ लाख, आत सोनं कितीही असो. भूकंप, पूर, वीज पडणं यात बँक जबाबदार नाही, पण त्याच नियमात असंही आहे की अशा संकटापासून जागा वाचवायला बँकेने योग्य ती काळजी घेतलेली असली पाहिजे. त्यामुळे दर पावसाळ्यात पाणी भरणाऱ्या तळघरात लॉकर ठेवले असतील तर तक्रार करायला जागा आहे. लॉकरमधल्या वस्तूंचा विमा बँक काढत नाही. तुमच्या घराच्या विम्यात लॉकरमधले दागिने घेता येतात का ते विमा कंपनीला विचारा, काही पॉलिसीत तशी सोय असते.

कळवण्याबद्दल नियम असा की शाखा ठरवून हलवायची असेल तर दोन वर्तमानपत्रांत नोटीस, त्यात एक स्थानिक भाषेतलं, आणि ग्राहकाला किमान दोन महिने आधी सूचना. आपत्तीत अचानक हलवावं लागलं तर शक्य तितक्या लवकर कळवायचा प्रयत्न करायचा. "कळवू" म्हणताहेत तर लेखी मागा, मेलवर मागा, तारीख राहते.

उघडायला बोलावलं की किल्ली, ओळखपत्र आणि जुने सुती पंचे, प्लॅस्टिकच्या पिशव्या असं घेऊन जा. गाळ बिजागरीत आणि कुलपात बसलेला असतो, गंज चढलेला असतो, किल्ली जोरात फिरवली तर आतच तुटते, ते काम लॉकर कंपनीच्या माणसाला करू द्या. कुलूप फोडावं लागलं तर तुमच्या समोरच फोडायला सांगा, आणि कुठली वस्तू कुठल्या अवस्थेत निघाली याची यादी करून दोन्हीकडच्या सह्या घ्या. सोन्याला गाळाने काही होत नाही, सोनाराकडे साफ होतं. मोती आणि कुंदनकामाचं सांगता येत नाही. कागद मात्र तिथल्या तिथे उलगडायला जाऊ नका, ओला दस्त एकमेकांना चिकटलेला असतो आणि ओढला की शाईचा थर निघून येतो. गठ्ठा तसाच घरी आणा, सावलीत पंख्याखाली पसरा, मधे कोरे टिपकागद घाला आणि ते बदलत राहा. उन्हात नको, इस्त्री तर अजिबात नको. खरेदीखत गेलंच तर नोंदणी झालेल्या दस्ताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते, सातबारा तर ऑनलाईन आहेच, त्यामुळे कागदाच्या दुःखात रात्र जागवू नका.

कर्जाला तारण दिलेली कागदपत्रं बँकेकडून गहाळ किंवा खराब झाली असतील तर गोष्ट वेगळी, तिथे डुप्लिकेट काढून द्यायला मदत करणं आणि त्याचा खर्च उचलणं ही बँकेची जबाबदारी आहे. कर्ज फिटल्यापासून ३० दिवसात कागद परत द्यायचे, त्याच्या पुढे उशीर झाला आणि तो बँकेमुळे असेल तर दिवसाला ५,००० रुपये. कागद गहाळ झाले असतील तर बँकेला अजून ३० दिवस मिळतात आणि मग मीटर सुरू होतं.

प्रश्न : आई ७८ वर्षांची आहे, अंगठा करते, फोन वापरत नाही. तिची शाखा शॉर्ट सर्किटच्या आगीत बंद झाली. नवी शाखा दोन बस बदलून. पेन्शन कशी काढायची?

उत्तर : मला खरी काळजी अशाच लोकांची वाटते. बाकीच्यांचं मोबाईलवर भागतं, शाखा बंद पडल्याचं कित्येकांना कळतही नाही.

७० वर्षांवरच्या आणि अपंग किंवा आजारी ग्राहकांना घरपोच सेवा द्या असं रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच बँकांना सांगितलंय, त्यात खात्यातली रोख घरी आणून देणं, चेक घेऊन जाणं, हयातीचा दाखला घेणं हे सगळं येतं. शुल्क आणि रकमेची मर्यादा प्रत्येक बँकेची वेगळी. अर्ज द्या, नुसतं विचारून येऊ नका, विचारलं की "स्टाफ कमी आहे" हे ठरलेलं उत्तर येतं, अर्ज दिला की पोच द्यावी लागते.

दुसरं, खातेदार अगदी अंथरुणाला खिळलेला असेल तर त्याचा अंगठा दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर घेऊन पैसे देता येतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी लागतो, म्हणजे त्यांनी घरी यायचं. जुना नियम आहे, तरुण अधिकाऱ्यांना बऱ्याचदा माहीत नसतो, गोड शब्दात आठवण करून द्या.

हयातीचा दाखला पेन्शन देणाऱ्या बँकेच्या कुठल्याही शाखेत देता येतो, जळलेलीच शाखा पाहिजे असं नाही. मोबाईलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण (म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला) पण होतं, ते तुम्ही तुमच्या फोनवर आईसाठी करू शकता. पोस्टमनही घरी येऊन करून देतो, थोडं शुल्क लागतं. बोटांच्या रेषा झिजल्या असतील तर चेहऱ्याचाच पर्याय घ्या.

प्रश्न : माझं दुकान आहे. व्यापाऱ्यांना दिलेले माझे चेक शाखा बंद असताना बाउन्स होतील का? आणि मी भरायला टाकलेले चेक ड्रॉप बॉक्समध्येच अडकलेत. हप्त्याचं काय?

उत्तर : दिलेले चेक पास होतील, खात्यात पैसे असले की झालं. आता चेकचा कागद तुमच्या शाखेपर्यंत जातच नाही, फोटो जातो आणि तपासणी एका मध्यवर्ती ठिकाणी होते. हप्ताही सिस्टीममधून ठरलेल्या तारखेला कापला जाणार, शाखा बंद होती म्हणून पैसे भरता आले नाहीत हे कारण सिस्टीमला कळत नाही, तेव्हा रोखीचा गल्ला दुसऱ्या शाखेत किंवा कॅश डिपॉझिट मशीनमध्ये आधीच भरा. शासनाने आपत्ती जाहीर केली असेल तर हप्ते पुढे ढकलण्याबद्दल लेखी अर्ज द्या, कापायच्या आधी, नंतर नाही.

अडकलेल्या चेकबद्दल ज्याने चेक दिलाय त्याला आजच फोन करा, पेमेंट थांबवायला सांगा आणि नवीन मागा. तुम्ही भरलेला चेक बँकेकडून गहाळ झाला तर तुम्हाला तसं लगेच कळवणं आणि दुसरा चेक मिळवायचा तुमचा खर्च देणं हे बँकेचं काम आहे. फक्त टाकलेल्या चेकचा काही पुरावा पाहिजे, म्हणून ड्रॉप बॉक्सपेक्षा काउंटरवर शिक्का मारलेली पावती बरी असं मी कायम म्हणते, आणि पेटी असली तरी काउंटरवर पावती मागितली तर बँकेला नाही म्हणता येत नाही.

प्रश्न : "तुमची शाखा बंद झालीय, खातं दुसरीकडे ट्रान्सफर करायचंय, ओटीपी सांगा" असा फोन आला. नाव, शाखा सगळं बरोबर सांगत होता. खरा असेल का?

उत्तर : खोटा. शाखा बंद पडल्याची बातमी पेपरात आली की हे लोक त्याच दिवशी कामाला लागतात. शाखा तात्पुरती बंद असताना तुमचा खाते नंबर बदलत नाही, आयएफएससी बदलत नाही, काहीही "ट्रान्सफर" करावं लागत नाही, आणि जोड शाखा लावायला बँकेला तुमचा ओटीपी कशाला लागतो? सांगून बसला असाल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा आणि बँकेला लगेच कळवा, मिनिटं महत्त्वाची असतात. चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कुणी परस्पर पैसे काढले असतील तर बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसात कळवल्यावर नुकसान तुमच्यावर येत नाही. पण ओटीपी स्वतः दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं तुमच्यावरच येतं, म्हणून म्हणते लगेच.

प्रश्न : बँकेने ३० दिवस झाले तरी तक्रारीला उत्तर दिलं नाही.

उत्तर : मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तक्रार त्यांच्या सीएमएस पोर्टलवर (तक्रारींच्या वेबसाईटवर) ऑनलाईन करता येते, फी नाही, वकील नको. माहिती हवी असेल तर रिझर्व्ह बँकेच्या १४४४८ ला फोन लावा. बँकेकडे केलेल्या लेखी तक्रारीची पोच मात्र हवीच, तिच्याशिवाय लोकपाल तक्रार घेत नाही.

प्रश्न : घरातल्या डब्यातल्या नोटा भिजून एकमेकांना चिकटल्यात, काही फाटल्यात. शाखा बंद, आता कुठे बदलायच्या?

उत्तर : फाटक्या आणि मळक्या नोटा कुठल्याही बँकेच्या शाखेत बदलून मिळतात, तुमचं खातं तिथे असायची गरज नाही. ५० रुपये आणि वरच्या नोटेचा सगळ्यात मोठा अखंड तुकडा ८० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर पूर्ण पैसे, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मे, त्याच्या खाली काही नाही. २० पर्यंतच्या नोटेला अर्ध्यापेक्षा जास्त तुकडा लागतो. गठ्ठा चिकटलेला असेल तर सुरीने सोडवू नका, तवा किंवा हेअर ड्रायरचे प्रयोगही नकोत, सावलीत वाळू द्या आणि ज्या सहज सुटतील त्या वेगळ्या करा. जो गठ्ठा सुटतच नाही किंवा नोट हातात घेतली की चुरा होतो ती शाखा घेणार नाही, तिच्यासाठी रिझर्व्ह बँकेचं इश्यू ऑफिस (नोटांचं काम बघणारं कार्यालय), आपल्याकडे मुंबई, बेलापूर आणि नागपूरला आहे. नेताना ज्या डब्यात सापडला त्याच डब्यातून न्या, वाटेत तुकडा पडला तर टक्का कमी होतो.